वाढदिवसाचा केक की ताईंचा पगार?

मुलांसाठी म्हणून आपण देतो तो रुपया नेमका जातो कुठे? दिल्लीतल्या काही संस्थांनी गेल्या साडेपाच दशकांत पैसा कसा उभा केला, कुणी दिला आणि तो कुठे अडला, त्याची ही हकिकत.

घरात कुणाचा वाढदिवस असो, आजोबांचं वर्षश्राद्ध असो की मुलाला नोकरी लागलेली असो, एक वाक्य हमखास निघतं, ‘या वेळी अनाथाश्रमात काहीतरी देऊ या.’ मग फोन होतो. ‘चाळीस मुलांचं जेवण द्यायचंय, गोडासकट. रविवार चालेल ना?’ पलीकडचे व्यवस्थापक अवघडून सांगतात, ‘रविवार पुढचे दोन-तीन महिने भरलेत हो. मंगळवारी याल का?’ मंगळवारी आपल्याला सुट्टी नसते. शेवटी केक, वेफर्सची पाकिटं आणि रंगीत खडूंची खोकी पोचवून, दोन फोटो काढून आपण समाधानाने घरी येतो.

त्याच व्यवस्थापकांना एकदा निवांत गाठून विचारा, संस्थेला खरी गरज कशाची आहे? ते थोडे आढेवेढे घेतील आणि मग एकेक गोष्ट बाहेर येईल. रात्रपाळीच्या ताईंचा पगार. विजेचं बिल. तापाने फणफणलेल्या पोराला मध्यरात्री दवाखान्यात न्यायला रिक्षाचे पैसे. घरून पळालेल्या मुलाला त्याच्या गावी पोचवायचं तर जाताना दोन तिकिटं, येताना एक. या कशावरही देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही. म्हणून त्यासाठी फोनही येत नाहीत.

मुलांच्या नावाने देशात गोळा होणारा पैसा आणि मुलांना प्रत्यक्ष लागणारा पैसा यांत हे अंतर पहिल्यापासून आहे. ते समजून घ्यायचं तर दिल्लीला जावं लागतं. कारण मुलांसाठी पैसा उभा करण्याच्या जेवढ्या म्हणून तऱ्हा असू शकतात, त्यातल्या बहुतेक या शहरात आणि त्याच्या फरिदाबाद, गुडगाव, नोएडा या शेजाऱ्यांत वापरून झाल्या आहेत. आणि गंमत म्हणजे त्यातल्या निम्म्यांचं मूळ आपल्या मुंबईत सापडतं.

राजघाटावरचा तंबू

१९६९ साल. गांधीजींची जन्मशताब्दी. राजघाटाजवळ गांधींच्या जीवनावरचं भव्य प्रदर्शन उभं राहत होतं. शेकडो मजूर राबत होते आणि त्यांत बायाही होत्या. त्यांची तान्ही मुलं विटांच्या ढिगाशेजारी, सिमेंटच्या धुळीत, उन्हात पडलेली असायची. अंत्योदयाचा मंत्र देणाऱ्या महात्म्याचं प्रदर्शन आणि त्याच्याच पायथ्याशी हे दृश्य! ते पाहून एक बाई अस्वस्थ झाल्या. त्यांचं नाव मीरा महादेवन.

मीराताईंची ओळख मराठी वाचकाला थोडी आपुलकीची वाटेल. त्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या ‘शनवार तेली’ म्हणून राहिलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. लग्न झालं गांधीवादी अभ्यासक टी. के. महादेवन यांच्याशी. त्या हिंदीत लिहीत. ‘अपना घर’ ही त्यांची कादंबरी आपल्याच समाजाच्या घालमेलीवरची. अशा लेखिका बाईंनी त्या बांधकामावर एक तंबू ठोकला, मुलांना उन्हातून आत घेतलं आणि त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था जन्माला आली. मोबाइल म्हणजे फिरतं. इमारत पूर्ण झाली की मजुरांचा तांडा दुसरीकडे जातो, मग पाळणाघरानेही त्यांच्यामागे जायचं. टेलिफोन खिशात यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

आता पैशाचा प्रश्न पाहा. पाळणाघराला काय लागतं? दूध, खिचडी, औषधं, सतरंज्या, झोळ्या, वजनकाटा. पण सर्वांत मोठा खर्च माणसांचा. सहा महिन्यांचं बाळ सांभाळायला वेगळी ताई, तीन वर्षांच्या चिमुरड्यांना गाणी शिकवायला वेगळी. दहा वर्षांच्या ज्या पोरीला धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर बसावं लागे, तिला मोकळं करून शाळेत पाठवायचं तर तिसरी. आणि हे सगळं अशा जागी, जी दीड-दोन वर्षांनी नाहीशी होणार. इमारत बांधून द्यायला दाते पुढे येतात. पण ज्याला इमारतच नाही त्याला काय बांधून देणार?

यावर निघालेला तोडगा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. दान मागायचं ते आधी ज्याचं काम चाललंय त्याच्याकडे. बांधकाम करणाऱ्याने जागा द्यावी, पाणी-वीज द्यावी, खर्चातला वाटा उचलावा; उरलेलं संस्थेने देणग्यांतून उभं करावं. म्हणजे कंत्राटदाराच्या दारात मुलांच्या नावाने उभं राहायचं, पण भीक मागायला नाही, हिशेब मागायला. मीराताई १९७७ मध्ये गेल्या. पण काम थांबलं नाही. १९७२ मध्येच ते मुंबईत आलं होतं, १९८१ मध्ये पुण्यात पोचलं. पुढे या दोन्ही शहरांतल्या शाखा स्वतंत्र संस्था झाल्या. पुण्याची ‘तारा मोबाइल क्रेशेस’ ती हीच.

कायदा यायला मात्र १९९६ साल उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या बांधकाम मजूर कायद्याने, जिथे पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर आहेत तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचं केलं. पळवाटही त्यातच होती. नवरा-बायको ‘जोडी’ने काम करतात, मजुरी नवऱ्याच्या हातात पडते आणि बाईचं नाव हजेरीपटावर येतच नाही. मग पन्नासचा आकडा भरणार कसा? (आता हा कायदा नव्या श्रमसंहितांमध्ये सामावला गेला आहे.) त्याच वर्षी बांधकामखर्चावर किमान एक टक्का उपकर बसला, मजुरांच्या कल्याणासाठी. हा पैसा जमला आणि तिजोरीतच राहिला. हजारो कोटी पडून आहेत आणि काही ठिकाणी त्यातून लॅपटॉप, कपडे धुण्याची यंत्रं घेतली गेली, हे सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. २०१८ च्या निकालात न्यायालयाने सरकारांची चांगलीच कानउघाडणी केली. पैसा नाही म्हणून मुलं धुळीत पडली असं दर वेळी नसतं, ते असं.

सिनेमाची कमाई फलाटावर

‘सलाम बॉम्बे’ आठवतो? १९८८ चा. चहावाला पोरगा, कामाठीपुऱ्याची गल्ली, नाना पाटेकर, रघुवीर यादव. दिग्दर्शिका मीरा नायर यांनी त्यात मुंबईच्या रस्त्यावरची खरीखुरी मुलं घेतली, त्यांना शिबिरात शिकवून उभी केली. कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा ‘कॅमेरा दोर’ पुरस्कार मिळाला, ऑस्करच्या शर्यतीत नामांकन मिळालं. टाळ्या वाजल्या, पण ती मुलं पुन्हा रस्त्यावरच जाणार, ही टोचणी उरली. त्या टोचणीतून आणि चित्रपटाच्या कमाईतून ‘सलाम बालक ट्रस्ट’ निघाला. मुंबईत एक आणि दिल्लीत एक. दिल्लीचा भार मीरा नायर यांच्या मातोश्री प्रवीण नायर यांनी उचलला.

दिल्लीची सुरुवात झाली नवी दिल्ली स्टेशनवर. रेल्वे पोलिसांच्या ठाण्याच्या गच्चीवर, उघड्यावर, पंचवीस मुलं आणि तीन माणसं घेऊन. स्टेशनच का? कारण बिहार, बंगाल, उत्तर प्रदेशातून घर सोडून निघालेलं पोर पहिलं पाऊल टाकतं ते फलाटावर. तिथल्या पहिल्या काही तासांत त्याच्याशी बोलायला कोण येतं, यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं. संस्थेचा माणूस आधी पोचला तर घरचा पत्ता निघतो. दलाल आधी पोचला तर पोर जरीच्या कारखान्यात किंवा ढाब्यावर दिसतं. त्या फलाटावर पहाटेच्या गाड्यांना हजर राहणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार म्हणजे बालसंरक्षण. याहून सोपी व्याख्या मला सापडलेली नाही.

चित्रपटाची कमाई एकदाच येते. पुढे काय? सरकारी अनुदान, देशी-परदेशी देणग्या हे तर आलंच; पण या संस्थेने आणखी एक वाट काढली. पहाडगंजच्या गल्ल्यांतून पाहुण्यांना फिरवून आणायचं आणि वाटाडे म्हणून कोण? एकेकाळी याच गल्ल्यांत कचरा वेचणारी, आता शिकून मोठी झालेली मुलं. येणारा प्रवासी देणगी देतो, मुलगा इंग्रजी सफाईने बोलायला शिकतो. यावर टीकाही होते की गरिबी दाखवून पैसे कशाला मिळवायचे? टीका अगदीच निराधार नाही. पण एक फरक आहे. इथे आपली गोष्ट सांगायची की नाही आणि किती सांगायची, हे सांगणारा स्वतः ठरवतो. पोस्टरवर रडतं मूल छापणाऱ्यांना तेवढंही सुचत नाही. याच संस्थेत वाढलेला विकी रॉय आज जगभर प्रदर्शनं भरवणारा छायाचित्रकार आहे. पुरुलियाहून पळून आलेला हा मुलगा अकराव्या वर्षी नवी दिल्ली स्टेशनवर उतरला होता.

१९८८ हे वर्षच तसं होतं. जहांगीरपुरीच्या झोपडपट्टीत भीषण आग लागली, संसार बेचिराख झाले. पोलीस अधिकारी आमोद कंठ आणि दिल्ली विद्यापीठाच्या समाजकार्य विभागातली मंडळी पुढे आली आणि ‘प्रयास’ उभी राहिली. योगायोग असा की, त्यांचीही सुरुवात पंचवीस मुलांवरच झाली. पुढच्या वर्षी, १९८९ मध्ये, रीटा पणिक्कर यांची ‘बटरफ्लाईज’ निघाली. कोणत्या कामाला पैसा कुठून मिळेल याचा अंदाज कुणालाच नव्हता. किरण बेदींना १९९४ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा त्या तिहार तुरुंगाच्या प्रमुख होत्या. त्या सन्मानातून ‘इंडिया व्हिजन फाउंडेशन’ सुरू झालं आणि आईबरोबर तुरुंगात राहणाऱ्या, काहीही गुन्हा न केलेल्या चिमुकल्यांकडे लक्ष गेलं. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं आणि त्याला कैद्यासारखं वागवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं.

पन्नास रुपये आणि भेटकार्डं

दिवाळी-नाताळाच्या सुमारास घराघरांत येणारी ‘क्राय’ची भेटकार्डं ज्यांनी लिहिली आहेत, त्यांना हे सांगायला नको. एअर इंडियात काम करणारे रिपन कपूर आणि त्यांचे सहा मित्र १९७९ मध्ये मुंबईत रिपन यांच्या आईच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसले. जमा भांडवल, रुपये पन्नास फक्त. त्यांनी ठरवलं की आपण स्वतः शाळा-आश्रम काढायचे नाहीत; गावोगावी जे काम करताहेत पण ज्यांना पैसे मागता येत नाहीत, त्यांच्यासाठी पैसे मागायचे. कार्ड विकत घेणाऱ्या मध्यमवर्गीय गृहिणीला कळायच्या आत ती देणगीदार झाली! रिपन १९९४ मध्ये, अवघ्या चाळिशीत गेले. भेटकार्डांचा जमानाही गेला. पण दिल्लीसकट देशभरातल्या छोट्या संस्थांना या पन्नास रुपयांच्या वंशावळीतून हात मिळाला.

‘बटरफ्लाईज’ने तर याच्या पुढची मजल मारली. रस्त्यावरचं मूल चार पैसे मिळवतं, पण ते ठेवणार कुठे? खिशात ठेवले तर मोठी पोरं हिसकावतात, म्हणून संध्याकाळपर्यंत उडवून टाकायचे. सिनेमा, जुगार, नशा. या शतकाच्या सुरुवातीला संस्थेने मुलांसाठी ‘खजाना’ नावाची बँक काढली. खातेदार मुलं आणि व्यवस्थापकही मुलंच. कुणाला कर्ज द्यायचं, कशासाठी द्यायचं, हे त्यांची समिती ठरवणार. ही कल्पना पुढे आशियातल्या इतर देशांतही गेली. आपल्याकडच्या बचत गटांच्या बायांना हे वाचून हसू येईल, कारण भिशीचा नियम तोच. पण बँकेचा चिटणीस तेरा वर्षांचा!

ज्याचा फोटो निघत नाही असा खर्च

डिसेंबर २००६. नोएडातल्या निठारी गावाच्या एका घरामागच्या नाल्यात मुलांची हाडं सापडली आणि देश हादरला. त्या खटल्याचा शेवट वर्षानुवर्षांच्या सुनावण्यांनंतर दोन्ही आरोपी सुटण्यात झाला, हा वेगळाच विषय. पण त्या वेळी एक गोष्ट उघडी पडली. तिथल्या मोलमजुरी करणाऱ्या आईबापांची तक्रार होती की आपली मुलं हरवली तेव्हा पोलिसांनी धड दादच घेतली नाही. हरवलेल्या मुलाची नोंद वहीत व्हायची, गुन्हा दाखल होत नसे. गुन्हा नाही म्हणून तपास नाही.

‘बचपन बचाओ आंदोलना’ने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८० पासून कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने चाललेली ही चळवळ. सत्यार्थींना २०१४ चं नोबेल शांतता पारितोषिक मलालासोबत विभागून मिळालं. त्यांच्या याचिकेवर मे २०१३ मध्ये आदेश झाला की हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा आणि त्याला पळवून नेलं आहे असं धरूनच तपास सुरू करायचा. आज नागपूर असो की नालासोपारा, मूल हरवल्यावर आई ठाण्यात जाते तेव्हा हा आदेश तिच्या पाठीशी असतो.

आता सांगा, यासाठी लागलेला पैसा कोणत्या देणगीदाराला दाखवायचा? जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवायची, ती जुळवायची, वकिलांना कागद पुरवायचे, तारखांना हजर राहायचं. यात ना केक, ना टाळ्या. दिल्लीतल्याच ‘हक’ या १९९८ मध्ये निघालेल्या संस्थेचं काम तर त्याहून कोरडं. दर वर्षी केंद्राचा अर्थसंकल्प घेऊन बसायचं आणि त्यात मुलांच्या वाट्याला किती आलं ते मोजायचं. देशात अठरा वर्षांखालची मुलं जवळपास एक तृतीयांश आणि अलीकडच्या वर्षांत त्यांचा वाटा रुपयात दोन-तीन पैसे! हे कुणीतरी ओरडून सांगायला हवं, आणि ओरडणाऱ्याच्या घरीही चूल पेटायला हवी.

नळ कुठे अडला?

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी खर्च करणं बंधनकारक केलं. गुडगाव-नोएडात मोठमोठ्या कंपन्यांची कार्यालयं. म्हणजे दिल्लीच्या संस्थांच्या अंगणात पाऊसच! पाऊस पडलाही. पण तो शाळेचे संगणक, स्वच्छतागृहं, दप्तरं यांवर जास्त पडला. कंपनीला मार्चअखेर आकडा हवा असतो, किती मुलांना किती दप्तरं. शिवाय एका प्रकल्पाची मुदत नियमाप्रमाणे सुरुवातीचं वर्ष सोडून फार तर तीन वर्षांची. अत्याचाराला बळी पडलेली मुलगी पुन्हा हसायला किती वर्षं घेईल, हे मार्चअखेर कसं लिहिणार?

दुसरीकडे सप्टेंबर २०२० मध्ये विदेशी देणगीच्या कायद्यात मोठे बदल झाले. परदेशातून येणारी प्रत्येक देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच जमा व्हायला हवी. एका संस्थेने घेतलेला हा पैसा दुसऱ्या संस्थेला देता येणार नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्के. सरकारचं म्हणणं असं की, परदेशी पैशाचा माग लागला पाहिजे. ते चुकीचं नाही. मुलांच्या नावावर गाड्या उडवणारेही या देशात होऊन गेलेत. पण मोठ्या संस्थेने परदेशातून निधी घ्यायचा आणि गावातल्या छोट्या संस्थेला द्यायचा, ही जी साखळी होती ती या तरतुदीने तुटली. वीस टक्क्यांची गोष्टही तपासून पाहा. शाळेतल्या शिक्षकाचा पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत, पण कार्यालयाचं भाडं, हिशेबनीस, वकिलांची फी धरतात. म्हणजे निठारीनंतरचं जे काम वर सांगितलं, नेमक्या त्याच जातीच्या कामावर कात्री. ही मर्यादा सरसकट सगळ्यांना एकाच मापाने लावली, ते मला पटत नाही.

तिसरा बदल आपल्या ओळखीच्या नंबराचा. ‘दस नौ आठ’, १०९८. मुलांसाठीची ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांनी सुरू केली आणि देशभर नेली. सरकारी पैसा, पण फोन घ्यायला आणि धावून जायला स्वयंसेवी संस्थांची माणसं, अशी ही जोडणी होती. दिल्लीत सलाम बालक, प्रयास, बटरफ्लाईज या संस्था त्यात होत्या. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने हे काम सरकारच्या बालसंरक्षण यंत्रणेकडे गेलं आणि आपत्कालीन ११२ क्रमांकाशी जोडलं गेलं. नंबर तोच आहे, चालूही आहे. पण वर्षानुवर्षं रात्री-बेरात्री धावणाऱ्या अनेक अनुभवी कार्यकर्त्यांचं काम त्यात सुटलं.

सरकार काहीच देत नाही असंही नाही. ‘मिशन वात्सल्य’ योजनेत बालगृहातल्या मुलामागे महिना ३००० रुपये आणि मूल घरीच, विधवा आईजवळ किंवा आजी-मावशीजवळ राहावं म्हणून ४००० रुपये ठरलेले आहेत. आपल्याकडची बालसंगोपन योजना याच जातीची. संस्थेत ठेवण्यापेक्षा घरी ठेवायला जास्त रक्कम, हे धोरण चांगलंच. कारण बालगृहांतल्या अनेक मुलांची आई किंवा बाप जिवंत असतो. अनाथपण नव्हे, गरिबी त्यांना तिथे आणते. फक्त अनुदान वेळेवर येत नाही तेव्हा दुकानदाराची उधारी थकते आणि त्या महिन्यांत संस्थेला तारते ती तुमची-आमची छोटी देणगी.

देताना काय पाहाल?

पहिली गोष्ट, जिथे मुलं राहतात त्या संस्थेला बालन्याय कायद्याखालची नोंदणी आहे का, ते सरळ विचारा. २०१५ च्या या कायद्यानुसार नोंदणीशिवाय मुलांचं वसतिगृह-आश्रम चालवणं गुन्हा आहे, वर्षभराची कैद होऊ शकते. विचारल्याचा राग आला तर समजून जा. वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षकाने तपासलेला ताळेबंद मागा. चांगल्या संस्था तो आपणहून दाखवतात. ताळेबंदात पगारावर बराच खर्च दिसला तर बिचकू नका. मुलं सांभाळायला माणसंच लागतात. उलट पगार नगण्य आणि ‘कार्यक्रम’ भरमसाठ असतील तर दोन प्रश्न जास्त विचारा.

रोख देऊ नका. ‘८०-जी’ नावाने ओळखली जाणारी प्राप्तिकराची सवलत २००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत तर ती मिळतच नाही. आपले शेजारीपाजारी ‘करात वाचतील’ म्हणून देतात, त्यांना हे आधी सांगावं. शक्य असेल तर वर्षातून एकदा पाच हजार देण्याऐवजी महिन्याला चारशे द्या आणि पत्रात एक ओळ लिहा, ‘जिथे गरज असेल तिथे खर्च करावेत.’ संस्थेच्या हिशेबनिसाला या ओळीचा किती आनंद होतो, ते तुम्हाला कळणार नाही.

मुलांबरोबर फोटो काढायला मनाई केली तर रागावू नका. बालगृहातल्या मुलाची ओळख छापणं, दाखवणं कायद्याने गुन्हा आहे. आणि आपल्या पोराच्या वर्गातल्या कुणी उद्या तो फोटो पाहिला तर त्या मुलाचं काय होईल, याचा विचार केला की कायद्याचीही गरज उरत नाही. फाटके कपडे, तुटकी खेळणी, मुदत संपत आलेली बिस्किटं यांना दान म्हणू नये; ती घरातली अडगळ. सिग्नलवर हात पसरणाऱ्या मुलाच्या हातात नाणं टेकवताना ते नाणं शेवटी कुणाच्या खिशात जाणार हेही पाहा. मुलांना भीक मागायला लावणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्यापेक्षा १०९८ फिरवा. एकटं, हरवलेलं मूल सापडलं तर चोवीस तासांत पोलिसांना किंवा बालकल्याण समितीला कळवणं बंधनकारक आहे. ‘आम्हीच सांभाळू’ म्हणून परस्पर घरी ठेवून घेणं चालत नाही, हेतू कितीही चांगला असला तरी.

आणि ज्यांना यातलं काहीच जमणार नाही, पण जे सध्या घर घेण्याच्या खटपटीत आहेत, त्यांच्यासाठी एक अगदी फुकटचं काम आहे. गुडगाव असो, ठाणे असो की हिंजवडी, बांधकाम पाहायला तुम्ही जालच. तिथला सेल्समन तुम्हाला नमुना फ्लॅट दाखवेल, पोहण्याचा तलाव कुठे येणार ते दाखवेल, मुलांसाठी खेळायची बाग नकाशावर हिरव्या रंगात दाखवेल. त्याचं सगळं ऐकून झालं की विचारा, ‘आणि मजुरांच्या मुलांचं पाळणाघर कुठल्या बाजूला आहे?’ एका गिऱ्हाइकाने विचारलं तर तो हसण्यावारी नेईल. दहाव्याने विचारल्यावर तो मालकाला सांगेल.